चिपचा उताराही छापा

महोदय,

ऊस हंगामात आपल्या जिल्हा पानावर प्रत्येक कारखान्याचे दोन आकडे शेजारी शेजारी येतात, गाळप आणि उतारा (उसातून शेकडा किती साखर निघाली तो). चिप कंपन्यांच्या बातमीत मात्र दुसरा आकडा गायब असतो. ‘क्षमता वाढली’ एवढेच वाचून माझ्यासारखे लोक परदेशी शेअरच्या फंडात पैसे टाकतात.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. उताऱ्यात दशांश टक्क्याचा फरक पडला तरी एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, हलते. चिपचेही तसेच. वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती; तिच्यावर बनलेल्या चिपपैकी शेकडा किती चांगल्या निघाल्या, तो चिपचा उतारा. वेफर तयार करण्याचा खर्च ठरलेला. त्यावरच्या चांगल्या चिप साठ निघोत की ऐंशी, खर्च तोच. फरक एवढाच की उसाचा उतारा फार तर टक्का-दीड टक्का वरखाली होतो, नव्या चिपचा मात्र सुरुवातीला अगदी खाली असतो आणि महिनोन्महिने चढत जातो. यंत्रांचा घसारा तोवर थांबत नाही. म्हणून नवी क्षमता आली की आधी मार्जिन, म्हणजे विक्रीतला नफ्याचा वाटा, खाली येते.

चिप कंपनी इंटेलचे पाहा. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲरिझोनातील नव्या कारखान्याचा आणि चिप बनवण्याच्या 18ए या नव्या प्रक्रियेचा गाजावाजा झाला. त्याच महिन्यात वित्तप्रमुख डेव्हिड झिन्सनर यांनी सांगितले की उतारा माल पुरवण्याइतका आहे, पण हवे ते मार्जिन मिळण्याइतका नाही. जानेवारीत मात्र पुरवठा कमी पडत असल्याने कंपनीने पुढच्या तिमाहीचा अंदाज नरम दिला. गिऱ्हाईक दारात उभे आणि गोदामात माल नाही, अशी गत! शेअर एका दिवसात सुमारे 17 टक्के पडला.

एन्व्हिडियासारख्या दांडग्या कंपनीलाही 2024 मध्ये ब्लॅकवेल चिपचा उतारा वाढवण्यासाठी मास्क, म्हणजे वेफरवर नक्षी उमटवणारा साचा, बदलावा लागला. त्या तिमाहीत सकल मार्जिन (विक्रीतून उत्पादन खर्च वजा जाता उरणारा वाटा) 78.4 वरून 75.1 टक्क्यांवर आले, त्याला कमी उताऱ्याचा मालही कारण होता. पुढे तो प्रश्न सुटला आणि विक्री धो धो वाढली, हेही सांगायला हवे.

कंपन्या उताऱ्याचा नेमका आकडा सहसा झाकून ठेवतात, हे मान्य. पण सकल मार्जिन तर जाहीर असते. क्षमतेच्या बातमीखाली तेवढी एक ओळ द्यायला काय हरकत आहे? गुजरातमधील धोलेऱ्याच्या टाटा चिप प्रकल्पाचे महिना 50 हजार वेफर आता सगळ्यांना पाठ झाले आहेत. तिथे उत्पादन सुरू झाले की आपल्या वार्ताहराने पहिला प्रश्न उताऱ्याचा विचारावा.

आपला,
एक निवृत्त शुगर केमिस्ट, कोल्हापूर