ओआरएस लिहिताना पाण्याचे माप गाळू नका

महोदय,

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले की संकेतस्थळांवर ‘घरच्या घरी ओआरएस’ (जुलाबात शरीरातले पाणी भरून काढणारे मीठ-साखरेचे द्रावण) सांगणारे लेख येऊ लागतात. ‘चिमूटभर मीठ, चमचाभर साखर’ लिहून मोकळे होतात. पाणी किती, याचा पत्ताच नसतो. खरे प्रमाण असे : उकळून गार केलेले १ लिटर पाणी, ५ मिलिलिटरच्या चमच्याने सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा शिगोशीग भरला की मीठ वाढते, रक्तातले सोडियम चढते आणि तान्ह्या बाळाला झटके येऊ शकतात. साखर जास्त झाली तर आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब उलट वाढतात.

‘ओआरएसचे पाकीट पेलाभर पाण्यात घाला’ हे तर फारच घातक. २०.५ ग्रॅमचे पाकीट १ लिटरसाठी असते. २०० मिलिलिटरमध्ये घातले तर द्रावण पाचपट तीव्र होते.

असा मजकूर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय प्रसिद्ध होऊच नये. तपासणाऱ्याचे नाव, पात्रता, तारीख लेखाखाली असावी. मूल पेंगुळले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात यावे. चूक गुपचूप बदलू नका, दुरुस्ती ठळकपणे लिहा. जुना मजकूर तोवर व्हॉट्सॲपवर पोहोचलेला असतो. २०२५ मध्ये एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेने) पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. त्याआधीचे, अशा गोड पेयांना ओआरएस म्हणणारे लेखही शोधून सुधारावेत.

— आरोग्यविषयक मजकूर तपासणारे दोघे, पुणे