आनपानमानला पोरखेळ ठरवणे अन्यायाचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जपानी बालमालिकांविषयी आलेला लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे आणि त्यातील बहुतेक मतांशी माझे भांडण नाही. मात्र १९८८ पासून चालू असलेल्या ‘सोरेइके! आनपानमान’ या मालिकेची बोळवण त्यात अवघ्या दोन वाक्यांत केलेली आहे. पावाच्या डोक्याचा नायक दर भागात जंतूच्या रूपातील खलनायकाला एक ठोसा लगावतो आणि दुधाचे दात न पडलेल्या मुलांखेरीज कोणी दखल घ्यावी असे त्यात काही नाही, असा त्या दोन वाक्यांचा आशय. जपानी शिकताना, वाक्ये सोपी म्हणून, मी याच नायकाच्या चित्रपुस्तकांपासून सुरुवात केली होती, आणि त्या वेळी माझेही मत याहून फारसे निराळे नव्हते. ते का पालटले, हे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. अझुकी नावाच्या लाल दाण्यांचे गोड पुरण भरलेला गोल पाव म्हणजे ‘आनपान’. यातला ‘पान’ आणि आपला ‘पाव’ हे दोन्ही शब्द मूळचे पोर्तुगीज, त्यामुळे नात्याने सख्खे भाऊ. या पावाचेच डोके असलेला, लाल पोशाख घालून आकाशात उडणारा नायक म्हणजे आनपानमान. बेकरी चालवणारे प्रेमळ जामकाका त्याचे डोके भट्टीत भाजून तयार करतात. बाताको नावाची तरुणी त्यांना हाताखाली मदत करते. वाटेत कोणी भुकेला भेटला, की आनपानमान आपल्याच चेहऱ्याचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवतो. चेहरा अपुरा राहिला की त्याचे बळ सरते. तो पाण्याने भिजला किंवा त्याला बुरशी लागली तरीही तेच होते. मग ताजा चेहरा भाजून आणला जातो, बाताको तो नेम धरून फेकते, जुने डोके उडून जाते आणि नवे जागेवर बसते. त्यानंतर कुठे तो जंतूच्या रूपातील त्या खलनायकाला, बाइकिनमानला, ठोसा मारून आकाशापार धाडतो. आपल्या लेखकांच्या लक्षात राहिला तो नेमका हा शेवटचा ठोसा. माझ्या मते मालिका त्या ठोशावर उभी नाही, त्याआधी दिलेल्या घासावर उभी आहे, आणि तो घास कुठून आला हे कळायचे तर निर्मात्याच्या आयुष्याकडे वळावे लागते.

ताकाशी यानासे यांचा जन्म १९१९ सालचा. वडील लहानपणीच चीनमध्ये वारले, आईने दुसरा विवाह केला आणि यानासे आणि त्यांचा धाकटा भाऊ शिकोकू बेटावरील कोची प्रांतात डॉक्टर असलेल्या काकांच्या घरी वाढले. पुढे त्यांनी तोक्योत आरेखनकलेचे शिक्षण घेतले, औषधांच्या एका कंपनीच्या जाहिराती केल्या, आणि १९४१ मध्ये सैन्यभरतीचा हुकूम आला. तोफखान्यातून त्यांची रवानगी चीनमध्ये झाली. तेथील हालांविषयी ते उतारवयापर्यंत बोलत राहिले. पण मैलोन्‌मैल चालणे किंवा वरिष्ठांची मारझोड यांचा पाढा त्यांनी फारसा वाचला नाही. सगळे सोसता येते, उपासमार मात्र सोसता येत नाही, हे त्यांच्या सांगण्याचे सार होते. धाकटा भाऊ नौदलात होता. तो युद्धातून परतला नाही.

भुकेइतकीच आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. चीनच्या जनतेला वाचवण्यासाठी चाललेले हे न्यायाचे युद्ध आहे, असे त्यांना शिकवले गेले होते. युद्ध संपले आणि त्याच युद्धाला एका दिवसात अन्याय म्हटले जाऊ लागले. म्हणजे न्याय नावाची चीज उलटी होऊ शकते. मग कोणत्याही देशात आणि कोणत्याही काळात उलटा न होणारा न्याय कोणता? समोर भुकेने व्याकूळ झालेला माणूस असेल तर त्याला खायला देणे, एवढाच त्यांना सापडला. हे उत्तर कोणाला बाळबोध वाटेल. मला ते वाटत नाही, कारण ते पुस्तकातून आलेले नाही, रिकाम्या पोटातून आलेले आहे.

या विचाराला पहिले रूप मिळाले ते १९६९ मध्ये, आणि तेही मुलांसाठी नव्हे. मोठ्यांच्या एका मासिकात आलेल्या त्या छोट्या कथेतील आनपानमान हा सुटलेल्या पोटाचा, अंगावर नीटसे कपडे नसलेला साधा माणूस होता. त्याचे डोके पावाचे नव्हते. तो भुकेल्या मुलांना पाव वाटत हिंडायचा, कोणी त्याचे कौतुक करायचे नाही, आणि अखेरीस सरहद्दीवरून उडत असताना त्याच्यावर तोफा डागल्या जातात. चार वर्षांनी, १९७३ मध्ये, फ्रोबेलकान या प्रकाशनाच्या बालवाडीच्या मुलांसाठीच्या चित्रपुस्तकमालेत तो पुन्हा अवतरला आणि या वेळी देणारा आणि दिले जाणारे अन्न एकच झाले. वाळवंटात अडलेल्या प्रवाशाला तो अर्धा चेहरा खायला देतो, पुढे रानात चुकलेल्या मुलाला उरलेलाही देऊन टाकतो आणि बिनडोक्याचा उडत उडत बेकरीकडे परततो.

हे चित्र पाहून मोठी माणसे हादरली. डोके खाऊ घालणे हे क्रूर आहे, मुलांपुढे असे काही ठेवू नये, असा आक्षेप समीक्षकांनी आणि शिक्षकांनी घेतला. असे पुस्तक पुन्हा काढू नये, असे प्रकाशनातूनही यानासे यांना सुचवण्यात आले. मुलांना यातले काहीच भयंकर वाटले नाही. बालवाड्यांत आणि ग्रंथालयांत ते पुस्तक पाने सुटी होईपर्यंत हाताळले गेले, आणि या नायकाची लोकप्रियता कोणत्याही जाहिरातीविना वाढत गेली. हा तपशील मी मुद्दाम लांबवून सांगतो आहे, कारण आपल्या लेखकांची आणि त्या समीक्षकांची चूक मला एकाच जातीची वाटते. समीक्षकांना फक्त तुटलेले डोके दिसले, आपल्या लेखकांना फक्त ठोसा दिसला. तीन वर्षांच्या मुलाला मात्र मधली गोष्ट बरोबर दिसली: याला भूक लागली होती, त्याने याला खायला दिले.

यानासे यांनी त्या पुस्तकाला जोडलेल्या मनोगतातच याचा खुलासा करून ठेवलेला आहे. खरा न्याय दिमाखदार मुळीच नसतो आणि तो करताना करणाऱ्याला स्वतःला जखम होतेच, असे त्यांनी लिहिले. राक्षसांशी झुंजणाऱ्या लोकप्रिय नायकांविषयी त्यांची तक्रार होती, की हे लोक शहराची धूळधाण करून निघून जातात, त्याबद्दल कोणाची क्षमा मागत नाहीत, आणि एवढे करून त्यांच्या झग्यावर डागसुद्धा पडत नाही. त्याउलट आनपानमानच्या झग्याला पहिल्या पुस्तकात ठिगळे होती.

३ ऑक्टोबर १९८८ रोजी निप्पॉन टेलिव्हिजनवर मालिका सुरू झाली, तेव्हा यानासे ६९ वर्षांचे होते. व्यंगचित्रे, जाहिराती, रंगमंच, गीतलेखन असे सगळे करूनही नाव म्हणावे तसे न झालेल्या या माणसाला यश मिळाले ते इतरांच्या निवृत्तीच्या वयात. वाहिनीलाही मालिकेकडून फारशा अपेक्षा नव्हत्या, असे म्हणतात. पुढच्या वर्षापासून तिचे चित्रपटही येऊ लागले. पहिल्या दिवसापासून आनपानमानचा आवाज केइको तोदा यांचा आणि बाइकिनमानचा र्‍यूसेइ नाकाओ यांचा. एकाच जोडीने इतकी वर्षे एकमेकांशी भांडत राहावे, ही आवाजाच्या क्षेत्रातील साधी गोष्ट नव्हे.

मालिका विनोदी आहे, हे आपल्या लेखकांचे म्हणणे खरेच आहे, आणि तिचा विनोद प्रामुख्याने खाण्याच्या पदार्थांतूनच येतो. सँडविचच्या पावाच्या डोक्याचा शोकुपानमान आपल्या देखणेपणाचा तोरा मिरवतो, कारेपानमान तापट आहे आणि तोंडातून तिखट रस्सा फवारतो, भाताचे वाडगे डोक्यावर असलेले तिघे आपल्यात श्रेष्ठ कोण यावर सतत हुज्जत घालतात. यानासे यांना नवी पात्रे काढण्याचा इतका सोस होता, की २००९ मध्ये अ‍ॅनिमेशनमालिकेतील सर्वाधिक पात्रांचा विक्रम म्हणून गिनेस बुकात १७६८ हा आकडा नोंदला गेला.

परंतु या सगळ्यांहून मला मोलाचा वाटतो तो बाइकिनमान. ‘बाइकिन’ म्हणजे रोगजंतू. तो यंत्रे बनवण्यात निष्णात आहे, दोकिन नावाच्या मैत्रिणीच्या हट्टापुढे हतबल आहे, आणि त्याची बहुतेक कारस्थाने शेवटी त्याच्याच अंगाशी येतात. त्याचा ‘दर भागात नाश’ होतो असे लेखात म्हटले आहे, ते खरे नाही. ‘बाइबाइकिऽन’ असा निरोप घेत तो दूर भिरकावला जातो आणि पुढच्या भागात ठणठणीत परत येतो. यामागेही यानासे यांचा विचार होता. जंतू हे अन्नाचे शत्रू खरे, पण किण्वाखेरीज, म्हणजे यीस्टच्या सूक्ष्म जंतूंखेरीज, पाव फुगत नाही, म्हणून पाव आणि जंतू हे वैरीही आहेत आणि सोबतीही, असे ते म्हणत. आनपानचा इतिहास पाहिला तर हे अगदी शब्दशः पटते. मेइजी सम्राटांच्या काळात तोक्योच्या गिन्झा भागातील किमुराया बेकरीने हा पाव प्रथम केला, तो तांदळाच्या मद्याचे किण्व वापरून. १८७५ मध्ये तो सम्राटांपुढेही ठेवला गेला. म्हणजे जंतू नसते तर आनपान झाला नसता, आणि आनपानमानही.

ठोशाविषयी जपानमध्येही चर्चा झालेली आहे. काही वर्षांपूर्वी तेथील काही पालकांनी ‘आनपंच’ म्हणजे नायकाच्या या ठोशामुळे मुले मारामारी शिकतील अशी भीती बोलून दाखवली, आणि त्यावर वर्तमानपत्रांतून बरीच मतमतांतरे झाली. ही भीती मी धुडकावून लावत नाही. लहान मूल पाहिलेले करून बघते, हे कोणीही सांगेल. एवढेच म्हणेन, की या मालिकेत ठोसा मारणाऱ्याचे बळ भिजण्याने जाते, बुरशीने जाते आणि दुसऱ्याला खायला दिल्यानेही जाते. ते परत येते ते बेकरीतल्या माणसांच्या श्रमांमुळे. एकट्याच्या मनगटावर जिंकणारा नायक हा नव्हे.

मालिकेत दोष नाहीत असे नाही. गोष्टींचा साचा ठरलेला आहे, तो मोठ्यांना दहा मिनिटांत कंटाळा आणतो. आणि बाटलीपासून लंगोटापर्यंत ज्या वस्तूवर हा गोल चेहरा छापलेला नाही अशी वस्तू जपानी बाळाच्या घरात शोधावी लागेल, इतका त्याचा व्यापार माजलेला आहे. मुले थोडी मोठी झाली की त्यांना याचे आकर्षण उरत नाही; जपानी आईबाप त्याला ‘आनपानमानमधून पदवी घेणे’ असे गमतीने म्हणतात. पण ही पदवी घेतलेल्यांना तो किती आठवणीत असतो, हे मार्च २०११ मध्ये दिसले. ईशान्य जपानला भूकंपाचा आणि त्सुनामीचा तडाखा बसल्यावर काही दिवसांतच रेडिओवर या मालिकेच्या शीर्षकगीताची मागणी होऊ लागली. ते गीत यानासे यांनीच लिहिलेले आहे, आणि माणूस कशासाठी जन्मतो व काय करीत जगतो, हा प्रश्न त्यात बालवाडीच्या मुलांना आडपडदा न ठेवता विचारलेला आहे. मुले मोठ्याने गाऊ लागली आणि ऐकणाऱ्या मोठ्यांना रडू आवरेना, अशी पत्रे तेव्हा आली. यानासे त्या वेळी ९२ वर्षांचे होते, निवृत्तीच्या विचारात होते. तो विचार बाजूला सारून त्यांनी संकटग्रस्त भागासाठी चित्रे काढली. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जपानने त्यांची दखल घेतलेली आहे. कोची प्रांतात, त्यांच्या पूर्वजांच्या गावी, १९९६ पासून त्यांचे संग्रहालय आहे. शिकोकूच्या रेल्वेगाड्यांवर २००० पासून त्यांची पात्रे रंगवलेली आहेत. आणि २०२५ मध्ये जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने, एनएचकेने, यानासे आणि त्यांची पत्नी नोबू यांच्या जीवनावर बेतलेली सकाळची दैनंदिन मालिका सहा महिने चालवली, तिचे नावही ‘आनपान’ हेच. ती पाहणारे प्रेक्षक दूधपिते नव्हते.

तेव्हा विनंती एवढीच, की हा लेख पुढे पुस्तकरूपाने किंवा अन्यत्र पुन्हा प्रसिद्ध होणार असेल, तर बाइकिनमानच्या ‘नाशा’ची दुरुस्ती करून घ्यावी, आणि ताकाशी यानासे यांचे नाव, जे संपूर्ण लेखात एकदाही आलेले नाही, ते योग्य जागी छापावे.

आपला,
एक नियमित वाचक