देवघरात राहिलेली पट्टी

देवगड,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

आरतीचं तबक घासायला घेताना आईला निरांजनाखाली तुझी मनगटावरची, मधुमेहाची माहिती कोरलेली पट्टी सापडली. विसरलास की मुद्दाम ठेवलीस, ते विचारत नाही. आदल्या रात्री तू तिला कुत्र्याचा पट्टा म्हणालास आणि मी आवाज चढवला, तेही आता उकरत नाही. पण मोकळ्या मनगटाने कोकणकन्येत चढलास, हे काही डोक्यातून जात नाही.

शुगर 70च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, हे तुला मी काय सांगणार. 54च्या खाली जीभ जड होते, बोलणं तुटक होतं, झोक जातो. चोवीस वर्षांचा मुलगा रात्री दादरच्या बाकावर असा कलंडलेला दिसला तर लोक काय म्हणतील? प्यायलाय. आणि पुढे जातील. फोनच्या लॉकवर माहिती भरलीस ते बरं केलंस, पण फोन चोरीला जातो, बॅटरी उतरते. नाडी बघायला मात्र हात मनगटाशीच जातो.

आजीच्या हट्टाची ती चांदीची पट्टी आता बाद. खाऱ्या हवेने काळी पडली, अक्षरं भिंगाखाली वाचावी लागतात. नवी 316 नंबरच्या स्टीलची केली आहे. साध्या 304वर समुद्राकाठी गंजाचे ठिपके येतात. अक्षरं छापलेली नाहीत, खोल कोरलेली आहेत. साखळीची कडी किल्ल्यांच्या रिंगसारखी दुहेरी आहे, कारण एकेरी कडी लोकलच्या दांड्याला अडकली की उघडते आणि पट्टी कधी पडली ते कळतही नाही. खाली एक बोट जाईल इतकीच सैल ठेव.

पुढच्या बाजूला इंग्रजीत: टाइप 1 मधुमेह, इन्सुलिन, पेनिसिलिनची ॲलर्जी. मागे मराठीत: "शुद्धीत असेल तर साखर द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, 108ला फोन करा." हे मी मुद्दाम घातलं. आपल्याकडे मधुमेह वाचला की लोक हातातली साखरसुद्धा काढून घेतात! डोस कोरला नाही, तो बदलत राहतो. पहिला नंबर ठाण्याच्या मावशीचा, दुसरा माझा. रागावू नकोस, पावसात इथली लाइट गेली की रेंजही जाते, आणि मला गेटपर्यंत जावं लागतं.

खिशात ग्लुकोजची पुडी ठेव. 15 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. मग 15 मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. काकूचे मोदक चालणार नाहीत, ओल्या खोबऱ्याच्या स्निग्धतेने साखर उशिरा चढते. चॉकलेटचंही तेच. आणि मित्रांबरोबर कधी घेतलीसच (तू घेत नाहीस, माहीत आहे), तर उपाशीपोटी नको आणि झोपण्याआधी तपास. दारू जिरवताना यकृत साखर सोडायचं थांबवतं, शुगर पहाटे पडते. त्यात तोंडाला वास. मग तर कोणी जवळही येणार नाही.

झालं, पुन्हा तेच सुरू केलं मी. माफ कर. सहावीत पहिल्यांदा स्वतः सुई टोचून घेतलीस तेव्हा "बाबा, डोळे मिटू नका" असं तू मला म्हणाला होतास. त्या दिवसापासून तुझं सगळं तूच बघतोस, मला ठाऊक आहे. तरी रात्रीची गाडी म्हटली की मी जागाच राहतो. ती बिघडलेली खिडकीची बिजागरीही अजून तशीच आहे, तू आलास की बघू.

ऑफिसात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलास तर पट्टी कोणाला दिसणारही नाही. फक्त बाही वर सरकवली की लगेच हाताला लागायला हवी, म्हणून कफ घट्ट लावू नकोस. एमआरआय करायची वेळ आली तर काढून ठेव आणि बाहेर आलास की लगेच घाल.

रविवारी आत्याचा विनू येतोय, त्याच्याजवळ पाठवतो. काजूगराच्या डब्यात वरच ठेवली आहे, खाली शोधत बसू नकोस. घातलीस की मनगटाचा फोटो पाठव. आजी रोज विचारते, "मंदार जेवलो काय रे?"

तुझा,
बाबा