माग बंद करून हादरा मोजा

मा. संपादक साहेब,

आमच्या पूर्व भागात खाली माग आणि वर घर हे काही नवीन नाही. मी लूमचं फिटिंग करतो, राहतोही कारखान्याच्या वरच. स्लॅब फार हादरतो म्हणून एका तपासणीवाल्यांना बोलावलं, त्यांनी माग चालू असताना मशीन लावलं, एक आकडा लिहिला आणि रबर पॅड टाका सांगून गेले. पण चालू मागावर फक्त हादरा किती ते कळतं, स्लॅब तो किती लवकर जिरवतो म्हणजे डॅम्पिंग किती, ते त्यातून सरळ कळत नाही. त्यासाठी माग बंद पाहिजेत.

सुट्टीच्या दिवशी मी स्वतः करून बघितलं. फोन स्लॅबच्या मधोमध ठेवला, कंप मोजायचं ॲप लावलं आणि वाळूची गोणी कमरेएवढ्या उंचीवरून सोडली. बघायला जमलेल्यांना आधी खाली पाठवलं, कारण माणसाचं अंगसुद्धा कंप खातं आणि डॅम्पिंग उगाच जास्त दिसतं. ग्राफमधे लाट हळूहळू लहान होत जाते, तिच्या शेंड्यांवरून हिशोब करायचा: आधीचा शेंडा भागिले नंतरचा, त्याचा नॅचरल लॉग, त्याला मधल्या फेऱ्यांनी भागायचं आणि परत 6.28 ने.

आधी मी पहिलेच दोन शेंडे घेतले, 60 आणि 41, उत्तर आलं 6 टक्के, आणि मी खूशही झालो. पण ते चूक होतं, सुरुवातीला गोणीचा दणका आणि इतर लहानसहान कंप सगळे मिसळलेले असतात. तिसऱ्या शेंड्यापासून बघितलं तर 34 चे 17 व्हायला 5 फेऱ्या लागल्या, म्हणजे जेमतेम 2.2 टक्के. मधल्या सगळ्या शेंड्यांचे लॉग कागदावर मांडले तर सरळ रेघ आली, तेव्हा भरवसा बसला. (लॉग न घेताच शेंडे दर फेरीला सारखेच उतरत असतील तर कुठेतरी घर्षण आहे, आधी नटबोल्ट बघा.)

हा फरक साधा नाही हो! धोटा मिनिटाला 120 वेळा म्हणजे सेकंदाला 2 वेळा फेकला जातो, त्या दणक्यात 4, 6, 8, 10 असे पटीतले कंपही असतात, आणि आमचा स्लॅब सेकंदाला साधारण 10 वेळाच हलतो. असा मेळ बसला की 6 टक्क्यांना हादरा 8 पट होतो, 2.2 ला जवळपास 23 पट. वर लहान मुलं झोपतात, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितोय.

तपासणी करणाऱ्यांना हात जोडून विनंती, माग बंद ठेवूनही एकदा मोजा आणि रिपोर्टला नुसता आकडा नको, पूर्ण ग्राफ जोडा, कोणत्या शेंड्यांवरून हिशोब केला तेही लिहा. पॅड मागाखाली जातं, त्याने खाली उतरणारा दणका कमी होईल, पण स्लॅबचं डॅम्पिंग आहे तेवढंच राहतं.

एक लूम फिटर, सोलापूर