जीवरसायनशास्त्राआधी समतोल आणि पीएच पक्के करा

महोदय,

जीवरसायनशास्त्र म्हटलं की विद्यार्थी थेट ग्लायकोलिसिसच्या (पेशीत ग्लुकोज मोडण्याच्या प्रक्रियेच्या) दहा पायऱ्या घोकायला बसतात. कच्चं राहतं ते सामान्य रसायनशास्त्र. मोल (पदार्थाचं प्रमाण) आणि मोलॅरिटी (द्रावणाची संहती) आठवडाभरात हाताखालून जातात. खरा वेळ रासायनिक समतोल आणि आम्ल-आम्लारी यांनाच द्यायला हवा.

पीएच, म्हणजे आम्लतेचं लॉगॅरिथमी माप, ७.४ वरून ७.१ वर आला तर फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांची संहती लिटरला ४० नॅनोमोलवरून ८० वर, म्हणजे दुप्पट होते. लॉगॅरिथम अंगवळणी पडलेला नसेल तर हे लक्षातच येत नाही.

बफरचंही, म्हणजे पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणाचंही, तसंच. पीकेएच्या (ज्या पीएचला आम्लाचे निम्मे रेणू हायड्रोजन आयन सोडतात त्या अंकाच्या) एक अंक वर-खाली एवढ्याच पट्ट्यात तो नीट काम करतो. ट्रिस बफरचा पीएच २५ अंश सेल्सियसला ८.० जुळवला आणि प्रयोग ४ अंशांना केला, तर तो ८.६ च्या आसपास जातो, कारण दर अंशाला त्याचा पीकेए सुमारे ०.०३ ने बदलतो. मग विकर (एन्झाइम) मंदावलं की दोष विकराला दिला जातो! ज्या तापमानाला काम करायचं, त्याच तापमानाला पीएच जुळवावा.

एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू. ‘एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा मिळते’ हे वाक्य तर वर्गातून हद्दपारच व्हावं. बंध तोडायला ऊर्जा लागते. ती मिळते जलअपघटनानंतरची (पाण्याने रेणू फोडल्यावरची) उत्पादितं अधिक स्थिर असल्यामुळे. ऑक्सिडीकरण-क्षपणही (इलेक्ट्रॉनची देवघेव) आधीच करून घ्यावं, श्वसनसाखळी त्यावरच उभी आहे.

– रसायनशास्त्राचे एक शिक्षक