रिकाम्या खुर्च्यांवर पण एक अग्रलेख होऊन जाऊ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जुन्या पेन्शनवाल्या संघटनांवरचा कालचा अग्रलेख वाचला. लोकांची कामं अडलेली असताना यांना म्हातारपणाची चिंता पडलीय, असा एकूण सूर, आणि संघटनावाले म्हणे 'दुकानदार'. भाषा नेहमीप्रमाणे झकास. पण साहेब, कामं का अडलीत हे बघायला एकदा सरकारी ऑफिसात चक्कर मारा की. राज्यात दोन लाखांवर पदं रिकामी आहेत. जो माणूस टेबलावर नाहीच तो काम टाळतो कसा, हे मला तरी समजलं नाही.

आमची मिसेस सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. २००५च्या सुरुवातीची जाहिरात, उन्हाळ्यात सिलेक्शन लिस्ट लागली, त्याच लिस्टमधल्या तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये ऑर्डर मिळाली, आणि हिची ऑर्डर काढणाऱ्या ऑफिसात आस्थापनेचा, म्हणजे नेमणुकीची कागदपत्रं बघणारा, क्लार्कच नव्हता म्हणून ती निघाली डिसेंबरात. मधे आला १ नोव्हेंबर २००५, त्या तारखेपासून लागणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद. मैत्रीण ठरलेल्या रकमेच्या जुन्या पेन्शनमध्ये आणि ही डीसीपीएस नावाच्या अंशदायी योजनेत, म्हणजे १० टक्के पगारातून कापणार आणि पुढे किती मिळणार ते शेअर बाजाराला विचारा. क्लार्क नव्हता यात हिची काय चूक?

जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांचा मार्च २०२३चा संप झाला तेव्हा तुम्ही 'रुग्ण वाऱ्यावर' छापलं होतं. हो, झाले हाल, नाही म्हणत नाही. पण एरवी रात्रपाळीला दोन वॉर्ड मिळून ही एकटी असते, सकाळची रिलिव्हर आली नाही की तशीच पुढची ड्युटी, तेव्हा रुग्ण कशावर असतात? त्याची बातमी काही वाचल्याचं आठवत नाही.

संघटनांनी रेटा लावला म्हणून तर फेब्रुवारी २०२४ला जीआर (शासन निर्णय) निघाला, की १ नोव्हेंबर २००५च्या आधीच्या जाहिरातीतून लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा ऑप्शन द्यायचा. हिने अर्ज दिला सहा महिन्यांच्या मुदतीत. आता गंमत ऐका. सेवापुस्तकाला मूळ जाहिरातीची प्रत जोडायची होती, ती रेकॉर्ड रूममध्ये, आणि रेकॉर्ड कीपर रिटायर झाल्यावर ती जागा भरलीच नाही. आस्थापनेचं टेबल 'अतिरिक्त कार्यभार'वर, तो क्लार्क बिचारा मंगळवार-शुक्रवार येतो, बाकीचे दिवस दुसऱ्या ऑफिसात. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या टेबलावर सेवापुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून ठेवलेला, हिचं तळाशी, कव्हर सुटलेलं. शेवटी संघटनेचा एक पदाधिकारी स्वतः बसून जाहिरात शोधून देऊन गेला, चहा पण घेतला नाही. तुमच्या अग्रलेखातले 'दुकानदार' ते हेच.

डिसेंबर २०२२ला तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीस नागपूरला बोलले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. असेल बाबा. पण एक टर्म केलेल्या माजी आमदाराला महिन्याला ५० हजार आणि त्या टर्मनंतरच्या प्रत्येक वर्षाचे २ हजार जास्त, तिथे तिजोरीला काही होत नाही वाटतं. सरकारच्या नवीन पेन्शन योजनेत म्हणे पगाराच्या पूर्ण ५० टक्के पेन्शन पाहिजे तर २५ वर्षं सर्व्हिस लागते. भरती रखडवायची, खुल्या गटातल्या पोराला ३८व्या वर्षी ऑर्डर द्यायची, ५८ला घरी पाठवायचं आणि विचारायचं २५ वर्षं कुठायत? रिकामी जागा ठेवून पगार पण वाचतो, पेन्शन पण वाचते. हा हिशोब तुमच्या अर्थविषयक पानावर कधी आला नाही.

मिसेसच्या फाईलवर अजून सही व्हायची आहे. सही करणारे साहेब पण प्रभारीच आहेत.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्यात गेल्या महिन्यात आडवे ७ आणि उभे ३ जुळतच नव्हते आणि उत्तर भलत्याच कोड्याचं छापलं होतं. तिथे पण पद रिकामं आहे का?

आपला,
एक जुना वाचक
(नाव छापू नये, मिसेसची नोकरी अजून बाकी आहे)