फवारणी पंपाचे ओझे आणि कंबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कपाशीच्या फवारणीत चर्चा होते ती औषधाची. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले, तेव्हापासून हातमोजे-मास्क निदान बोलण्यात तरी आले. पाठीवरच्या ओझ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

16 लिटरची टाकी भरली की पंपासह वजन 20 किलोच्या वर जाते. एकराला दहा-बारा टाक्या, म्हणजे तितक्याच वेळा ती उचलायची. खरी इजा होते ती चालताना नव्हे, उचलताना. पाठीचे स्नायू मणक्याच्या चकतीपासून जेमतेम 5 सेंटीमीटर मागे असतात. वाकून 40 सेंटीमीटर पुढचे ओझे ओढले तर त्यांना ओझ्याच्या आठपट जोर लावावा लागतो आणि तो सारा दाब कमरेच्या खालच्या चकत्यांवर येतो. त्यातच अंगाला पीळ देऊन पट्टा खांद्यावर घेतला की चकती सरकायला निमित्त मिळते.

उपाय साधा आहे. पंप जमिनीवर ठेवून भरू नये. बैलबंडीवर किंवा कमरेइतक्या उंच लाकडी घोडीवर ठेवून भरावा आणि पाठ टेकवून दोन्ही पट्टे एकदम चढवावेत. पट्टे आवळावेत, टाकी पाठीला चिकटून राहील इतके. ढिली टाकी मागे ओढते. पण झाकणाचा वायसर झिजलेला असेल तर हीच चिकटलेली टाकी औषध पाठीवर झिरपवते. तो आधी बदलावा. शक्य तिथे 12 लिटरच भरावे, फेऱ्या वाढल्या तरी चालेल.

कंबरपट्टा बहुतेक पंपांना नसतोच. अनुदानाच्या पंपांना तरी तो सक्तीचा करावा.

— एक कापूस उत्पादक वाचक, जि. यवतमाळ